गोव्याच्या नाण्यावरचा क्रूस आणि टेम्पलरांची भाकडकथा

गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. व्हिडिओंमधून येतो, व्हॉट्सॲपवरून येतो आणि आता चांगले वाचणारे लोकही तो खरा धरून चालतात. दावा असा: वास्को द गामाच्या जहाजांच्या शिडांवरचा लाल क्रूस टेम्पलर सरदारांचा, म्हणजे मध्ययुगातल्या धर्मयुद्धांत लढणाऱ्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाचा, होता. १३१२ मध्ये पोपने त्यांचा संघ मोडीत काढला, पण पोर्तुगालमध्ये त्यांनी फक्त पाटी बदलली, ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ हे नाव घेतलं आणि दडवलेल्या खजिन्याच्या जोरावर भारत गाठला. निशाण तेच, माणसं तीच, पैसाही तोच. पुरावा म्हणून कोलंबसच्या शिडांचं चित्रही जोडलेलं असतं.

यातलं काय खरं आहे ते आधी मान्य करतो. पोर्तुगालचा राजा दिनिश याने टेम्पलरांची मालमत्ता राज्याबाहेर जाऊ दिली नाही. त्याच्या आग्रहावरून पोप जॉन बाविसावा याने १४ मार्च १३१९ रोजी फर्मान काढून नवा संघ स्थापला आणि टेम्पलरांचे किल्ले-जमिनी त्याला दिल्या. काही जुने टेम्पलर या संघात आले, हेही खरं. तोमारचा किल्ला १३५७ मध्ये या संघाचं मुख्य ठाणं झाला, आणि तो बांधला होता टेम्पलरांनीच, ११६० मध्ये.

आता निशाणाकडे वळू. रणांगणावर टेम्पलरांची ओळख म्हणजे काळा-पांढरा झेंडा. तेराव्या शतकातला इंग्लिश इतिहासलेखक मॅथ्यू पॅरिस याच्या हस्तलिखितांत तो काढलेला आहे: वरचा पट्टा काळा, खालचा पांढरा. लाल क्रूस असे तो त्यांच्या पांढऱ्या झग्यावर, आणि तो भरीव लाल. ऑर्डर ऑफ क्राइस्टचा क्रूस वेगळा आहे. त्याचे चारही हात सरळ जातात, टोकाशी कोन करून रुंदावतात आणि लाल क्रूसाच्या पोटात एक बारीक पांढरा क्रूस असतो. चिन्हशास्त्रात असा फरक किरकोळ समजत नाहीत. एका रेघेवरून घराणं बदलतं, शाखा बदलते. त्या पांढऱ्या क्रूसाकडे डोळेझाक करून ‘निशाण तेच’ म्हणता येत नाही. नुसता पांढऱ्यावर लाल एवढ्यावरच जायचं तर २०२२ पर्यंत आपल्या नौदलाच्या ध्वजावर असलेला क्रूसही टेम्पलरांचा ठरेल. तो होता इंग्लंडच्या सेंट जॉर्जचा.

‘माणसं तीच’ हे तर कॅलेंडरसमोरच टिकत नाही. संघ स्थापला १३१९ मध्ये, गामा भारतात पोचला १४९८ मध्ये; मध्ये १७९ वर्षं आहेत. शिवाय सुरुवातीलाच संघाचा पहिला मुख्य, जिल मार्तिंश, आला तो आविश या दुसऱ्याच संघातून, आणि नियम लावले कालात्रावा संघाचे. १४२० पासून संघाची सूत्रं राजघराण्याकडे गेली. आधी राजपुत्र हेन्री, पुढे मनुएल. गामाला भारताकडे पाठवणारा हाच मनुएल, आणि राजा व्हायच्या आधीपासून तो संघाचा प्रमुख होता.

खजिन्याबद्दल फार लिहायची गरज नाही. मालमत्ता पोपच्या फर्मानाने उघडपणे हस्तांतरित झाली. दडवलेल्या सोन्याचा एकही कागद कोणी पुढे केलेला नाही.

दाव्याला सगळ्यात अडचणीचा आहे खुद्द गामा. १४९७ मध्ये तो निघाला तेव्हा ऑर्डर ऑफ क्राइस्टचा सरदारच नव्हता. तो होता सांतियागो संघाचा, ज्याचा क्रूस तलवारीच्या आकाराचा. ऑर्डर ऑफ क्राइस्टमध्ये तो आला १५०७ साली, भारताची वाट सापडून गेल्यावर. तरीही निघण्याआधी त्याने शपथ घेतली ती ऑर्डर ऑफ क्राइस्टचा क्रूस असलेल्या रेशमी निशाणावर. इतिहासकार जुआंव द बारूश हे सांगतो आणि कारणही देतो: राजा त्या संघाचा प्रमुख होता. म्हणजे गामाच्या मोहिमेत तो क्रूस राजाचा म्हणून फडकत होता. मोहिमेच्या म्होरक्याचा स्वतःचा संघ निराळा असूनही कोणाला त्यात विसंगती वाटली नाही.

कोलंबसचं म्हणाल तर त्याच्या रोजनिशीतच लिहिलेलं आहे. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी किनाऱ्यावर नेलेल्या निशाणांवर हिरवा क्रूस होता, आणि दोन्ही बाजूंना स्पेनच्या राजा-राणीची आद्याक्षरं. हिरवा.

आणि मग गोवा. गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने १५१० मध्ये तिथे टांकसाळ घातली. तिथल्या सोन्या-चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला ऑर्डर ऑफ क्राइस्टचा क्रूस, दुसऱ्या बाजूला आकाशातली वर्तुळं दाखवणारं कड्याकड्यांचं गोलयंत्र होतं. गोलयंत्र हे मनुएलचं वैयक्तिक चिन्ह. बाजारात ते नाणं हातात घेणाऱ्या सराफाला दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट कळत होती: इथे आता या राजाचा अंमल आहे. म्हणूनच मला ही टेम्पलरांची कहाणी खटकते. गोव्याच्या लोकांनी जे सोसलं त्यामागे नाव-गाव असलेला राजा होता, त्याचं आरमार होतं, त्याच्या सहीचे हुकूम होते. गुप्त संघाची भुतं मध्ये आणली की ती सगळी माणसं नामानिराळी राहतात.

या संघाचा गोव्याशी खरा संबंध बघायचा तर पोपच्या फर्मानांत बघावा. १४५६ मध्ये पोप कॅलिक्स्टस तिसरा याने पोर्तुगीज जिंकतील त्या मुलखांतले, थेट भारतापर्यंतचे, धार्मिक अधिकार ऑर्डर ऑफ क्राइस्टला दिले. पाद्री कोण नेमायचा, चर्चचं उत्पन्न कुठे जायचं, हे सारं त्यात आलं. १५३४ मध्ये गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा बिशपचं नाव सुचवण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे राहिला आणि १५५१ मध्ये संघाचं प्रमुखपदच कायमचं राजमुकुटाला जोडलं गेलं. ‘पाद्रुआदो’ म्हणतात ती व्यवस्था हीच. तिच्यावरून पोर्तुगाल आणि रोम यांच्यात पुढे मुंबईतल्या चर्चच्या ताब्यासाठीसुद्धा दीर्घकाळ भांडणं चालली.