जंबेरी, रंगपूर आणि चार इंचांवरचा डोळा: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, संत्र्याच्या खुंटांवरच्या लेखावर तुम्ही तीन हरकती घेतल्या. खुंट म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचं कलम बांधतात ते मुळाचं रोप, जंबेरी आणि रंगपूर हे लिंबाचे दोन प्रकार त्यासाठी वापरतात. घरची जुनी बाग जंबेरीवर 25 वर्षं टिकली, मग जंबेरीला नावं का ठेवता? रंगपूरवरची नवी झाडं सहाव्या वर्षीच पिवळी पडून वाळताहेत, त्याचं काय? आणि डोळा, म्हणजे खुंटावर बसवायची संत्र्याची कळी, जमिनीपासून नऊ इंचांवर बांधा हा हट्ट पुस्तकी आहे, चार इंचांवरचं कलमही झकास वाढतं. मी शेवटच्या हरकतीपासून सुरू करतो, कारण पहिल्या दोन्हींचं बरंचसं उत्तर तिच्यातच आहे.

चार इंचांवरचं कलम पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, झकास वाढतं, हे खरंच आहे. घोळ वावरात होतो. खड्ड्यातली भुसभुशीत माती दबते आणि तिच्याबरोबर कलमही खाली बसतं. पावसाळ्यात आळ्यात गाळ येतो, डवरणीत बुडाला माती लागते. दोन-तीन वर्षांत जोड, म्हणजे डोळा बांधलेली जागा, मातीआड जातो. जोडाच्या वरची साल संत्र्याची, आणि डिंक्या (खोडातून डिंक गळणारा रोग) आणणाऱ्या फायटोप्थोरा बुरशीला ती सहज बळी पडते. या बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहत जातात, म्हणून भारी काळ्या जमिनीत बुडाशी पाणी थांबलं की साल कुजायला लागते. शिवाय मातीत गाडलेल्या जोडाच्या वरून संत्र्याला स्वतःची मुळं फुटतात. मग तुम्ही खुंट कोणता घेतला होता, याला फारसा अर्थ उरत नाही. जोड जमिनीच्या वर नऊ इंच, म्हणजे साधारण 23 सेंटीमीटर, हवा तो एवढ्यासाठी.

पन्हेरीवाला खाली का बांधतो, तेही उघड आहे. बुडाशी रोप लवकर पेन्सिलीएवढं जाड होतं. नऊ इंचांवर तेवढी जाडी यायची तर रोप जास्त दिवस सांभाळावं लागतं, पाणी-खत-मजुरी वाढते. गिऱ्हाईक जोडाची उंची मोजत नसेल तर तो तरी कशाला थांबेल? कलमं घ्यायला शेंदूरजनाघाटला जा की आणखी कुठे, खिशात टेप ठेवा.

आता रंगपूर. वाळणाऱ्या झाडाचं बूड उकरून बघा. जमिनीलगत साल ओली, तपकिरी, डिंक येतोय, बारीक मुळांची साल बोटांनी ओढली की सुटून आतला दोरा उरतोय, तर ती फायटोप्थोराच आहे. रंगपूर त्याला जंबेरीपेक्षा काकणभर सरस, पण पाण्यात उभा केला तर तोही कुजतो. मात्र डिंक नाही, झाड खुजं राहिलंय आणि जोडाच्या खाली, फक्त खुंटाची साल उभी तडकून खपल्या निघताहेत, तर एक्झोकॉर्टिसचा संशय घ्या. हा विषाणूहून लहान असा व्हायरॉइड. संत्र्यात तो लक्षण न दाखवता राहतो, जंबेरीही त्याला बधत नाही, रंगपूर मात्र बधतो. म्हणजे निरोगी दिसणाऱ्या मातृवृक्षाची डोळकाडी (जिच्यावरून डोळे काढतात ती काडी) जंबेरीवर चालून गेली असती, ती रंगपूरवर महागात पडते. इथे तुमच्या निरीक्षणात तथ्य आहे. खुंट बदलताना डोळकाडी तपासलेल्या मातृवृक्षाचीच घ्यायला हवी. कलमाच्या चाकूनंही हा रोग पसरतो. एका झाडाच्या काड्या संपल्या की पातं 1 ते 2 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवायचं. नुसतं फडक्यानं पुसून भागत नाही.

जंबेरी वाईट, असं माझं म्हणणं नाही. हलक्या, खोल, निचऱ्याच्या जमिनीत ती जोमदार झाड देते. भारी किंवा चुनखडीच्या वावरात आणि उन्हाळ्यात विहीर आटत असेल तिथे मी रंगपूर निवडेन. मुक्त चुना 10 टक्क्यांच्या वर असेल तर संत्राच नको. शक्य असेल तर सगळी बाग एकाच खुंटावर ठेवू नका. ब्राझीलमध्ये रंगपूरवर संत्रावर्गीय बागांचा फार मोठा भार होता. 2000 च्या आसपास तिथे अचानक झाडं मरण्याचा जो रोग दिसला, तो नेमका रंगपूरवरच्या मोसंबीवर्गीय झाडांना भोवला.

रोपांच्या निवडीबद्दल थोडक्यात. दोन्ही खुंटांच्या बीतून बहुतेक रोपं मातृवृक्षासारखीच निघतात. वेगळी निघणारी, म्हणजे फार खुजी, पानांचा आकार निराळा असलेली किंवा एकदम उंच सुटलेली, दुसऱ्या वाफ्यात नेतानाच काढायची. उंच रोप टाकवत नाही, पण एकसारखी बाग हवी तर टाकावंच लागतं. सोटमूळ वाकलेलं रोपही तिथेच बाद.

जोड खाली गेलेली झाडं तुमच्या वावरात आहेत, ती उपटू नका. पावसाळ्याआधी बुडाची माती हातानं ओढून जोड उघडा करा. मुळं कुदळीनं दुखवू नका. दुहेरी आळं करा, आतल्या आळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. कुजलेली साल धारदार चाकूनं निरोगी भाग लागेपर्यंत खरवडा, खपल्या वावराबाहेर जाळा, जखम 1 टक्का पोटॅशियम परमँगनेटनं धुवा, मग बोर्डो मलम लावा. मोरचूद 1 किलो 5 लिटर पाण्यात, कळीचा चुना 1 किलो दुसऱ्या 5 लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे. मोरचूद रात्रीच भिजत घाला, चुना विरवून थंड होऊ द्या, मग एकत्र करा. लोखंडी विळा त्यात मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांब्याचा रंग चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. मलम त्याच दिवशी संपवायचं, खोडाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. साल खोडाभोवती निम्म्याहून जास्त कुजली असेल तर मात्र मलमाचा खर्च करू नका. त्या जागेची माती उन्हाळ्यात तापू द्या आणि जुलैत उंचवट्यावर नवं कलम लावा, जोड टेपनं मोजून.