स्टॅक-हीपची पोपटपंची आता बंद करा!

तीन रात्री. एका बगपायी माझ्या तीन रात्री गेल्या आणि अख्खा घोळ एका शब्दाचा होता. क्लास आणि स्ट्रक्ट म्हणजे माहितीची अनेक फील्डं एकत्र बांधून स्वतःचा टाइप बनवायच्या दोन पद्धती, आणि जिथे ‘क्लास’ हवं तिथे कुणीतरी ‘स्ट्रक्ट’ लिहून ठेवलं होतं. का? तर म्हणे ‘स्ट्रक्ट फास्ट असतं’.

तक्रार अशी आली की बुकिंग रद्द केलं तरी यादीत ते चालूच दिसतं. लॉग बघितला तर रद्द करणारं फंक्शन व्यवस्थित चाललेलं, एरर नाही, काही नाही. डीबगर लावला तर स्टेटस डोळ्यांदेखत बदलतंय. एक ओळ पुढे जाऊन यादी उघडली तर तिथे जुनंच स्टेटस! पहिल्या रात्री मला वाटलं थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा गोंधळ असेल, म्हणून दुसरी रात्र लॉक तपासण्यात घालवली. तिसऱ्या रात्री कुठे त्या टाइपची व्याख्या उघडून बघायची बुद्धी झाली.

कोड सी शार्प या भाषेतला आहे, आणि सी शार्पमध्ये स्ट्रक्ट म्हणजे व्हॅल्यू टाइप. एका व्हेरिएबलमधून दुसऱ्यात टाकलं की अख्खी कॉपी होते. क्लास म्हणजे रेफरन्स टाइप, तिथे फक्त पत्ता जातो आणि वस्तू एकच राहते. लिस्टमधून स्ट्रक्ट बाहेर काढलं की हातात कॉपी येते. म्हणून लिस्टमधल्या घटकाचं फील्ड थेट बदलायला गेलात तर कंपायलर अडवतो, हे व्हेरिएबलच नाही, बदलता येणार नाही, असं स्पष्ट सांगतो. तो बिचारा आपलं काम चोख करत होता! पण आमच्याकडे कुणीतरी तो एरर ‘सोडवला’. घटक एका व्हेरिएबलमध्ये काढला, त्या व्हेरिएबलचं स्टेटस बदललं, आणि कंपायलर गप्प झाला. बदललेली कॉपी लिस्टमध्ये परत ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वर टेस्ट लिहिली, ती फंक्शनने परत दिलेली कॉपी तपासणारी. ती कायम हिरवीच असणार ना! आणि तीच थेट बदलणारी ओळ लिस्टऐवजी ॲरेवर, म्हणजे सलग जागांच्या साध्या रांगेवर लिहिली असती तर बिनतक्रार चालली असती, कारण ॲरे कॉपी देत नाही, खुद्द ती जागाच देतो. हे माहीत नसलेला माणूस काय समजणार? काल चाललं, आज चालत नाही, म्हणजे काहीतरी जादू आहे.

ज्याने ते स्ट्रक्ट केलं त्याला मी शांतपणे विचारलं, का केलंस? उत्तर तयार होतं: ‘स्ट्रक्ट स्टॅकवर असतं, क्लास हीपवर असतो, स्टॅक फास्ट असतो.’

हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. स्टॅक म्हणजे फंक्शन चालू असेपर्यंतची तात्पुरती मेमरी, हीप म्हणजे फंक्शन संपलं तरी वस्तू टिकू शकते ती मेमरी. लिस्टच्या आत स्वतःचा एक ॲरे असतो आणि ॲरे हीपवर असतो. त्यातली सगळी स्ट्रक्टं तिथेच बसलेली असतात. क्लासच्या आत फील्ड म्हणून ठेवलेलं स्ट्रक्टही त्या ऑब्जेक्टबरोबर हीपवरच जातं. लॅम्डाने (बिननावाच्या फंक्शनने) पकडलं, इंटरफेसच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून बॉक्सिंग झालं, म्हणजे व्हॅल्यू ऑब्जेक्टच्या खोक्यात गुंडाळली गेली, तरी हीपच. उलट सी प्लस प्लसमध्ये क्लासचा ऑब्जेक्ट फंक्शनमध्ये साधा डिक्लेअर करा, तो स्टॅकवर बसेल. म्हणजे हे वाक्य दोन्ही बाजूंनी फुटकं आहे, आणि तरी वर्षानुवर्षं नोट्समधून नोट्समध्ये उतरवलं जातंय.

बरं, वेगाचंच बोलायचं तर बोलू. आमच्या त्या स्ट्रक्टमध्ये दोन डेसिमल (दशांश आकडे) होते, म्हणजे ३२ बाइट. दोन तारखा, १६. एक जीयूआयडी, म्हणजे वेगळेपणाचा ओळख क्रमांक, अजून १६. दोन पूर्णांक, ८. एकूण ७२ बाइट. दर वेळी फंक्शनला दिलं की ७२ बाइटांची कॉपी, परत घेतलं की पुन्हा कॉपी. क्लास असता तर ६४ बिटच्या यंत्रावर ८ बाइटांचा रेफरन्स गेला असता. खुद्द मायक्रोसॉफ्टची मार्गदर्शक सूचना सांगते की स्ट्रक्ट करायचं तर आकार १६ बाइटांपेक्षा कमी हवा, त्याने एकच मूल्य दर्शवावं, एकदा तयार झाल्यावर ते बदलू नये आणि वारंवार बॉक्सिंग होऊ नये. आमचं बुकिंग यातल्या पहिल्या तीन अटी धडधडीत मोडत होतं. ज्या गोष्टीचं स्टेटस दिवसातून चार वेळा बदलतं ती व्हॅल्यू कशी असेल? दोन बुकिंगांचे सगळे आकडे जुळले म्हणून ती एकच बुकिंग होत नाहीत. त्याला स्वतःची ओळख आहे! बिंदूचे दोन अक्षांक, रंगाचे तीन आकडे, रक्कम आणि चलन, ही स्ट्रक्टची कामं. अशा लाखभर बिंदूंचा ॲरे असेल तर स्ट्रक्टने खरंच फायदा होतो, सगळे मेमरीत सलग बसतात, प्रोसेसरच्या कॅशेला सोपं जातं, नको असलेली मेमरी साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला लाखभर ऑब्जेक्ट मोजावे लागत नाहीत. मी स्ट्रक्टच्या विरोधात नाही. न मोजता, न विचार करता ‘फास्ट’ म्हणण्याच्या विरोधात आहे.

आणि हे लोण मुलाखतींपर्यंत गेलंय. मला एकदा विचारलं होतं, स्ट्रक्ट आणि क्लासमध्ये फरक काय? मी म्हटलं, कोणत्या भाषेत? समोरचे म्हणाले, ‘भाषा जाऊ दे हो, कन्सेप्ट सांगा.’

भाषा कशी जाऊ दे? सी प्लस प्लसमध्ये काहीच सांगितलं नाही तर स्ट्रक्टचे सदस्य पब्लिक आणि क्लासचे प्रायव्हेट, वारसा घेतानाही तसंच, आणि जवळजवळ तिथेच फरक संपतो. कन्स्ट्रक्टर, व्हर्च्युअल फंक्शन, इनहेरिटन्स सगळं स्ट्रक्टलाही जमतं. सी प्लस प्लसचे जनक स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये सीच्या पायावर काम सुरू केलं. क्लासची कल्पना सिम्युला या आधीच्या भाषेकडून आली आणि सीचं स्ट्रक्ट तर मोडायचं नव्हतं, म्हणून दोन्ही शब्द राहिले. ॲपलच्या स्विफ्ट भाषेत स्ट्रक्ट व्हॅल्यू, क्लास रेफरन्स. तिथे स्ट्रिंग, ॲरे, डिक्शनरी सगळी स्ट्रक्टंच आहेत आणि आधी स्ट्रक्टच निवडा असा ॲपलचाच सल्ला आहे. गो भाषेत क्लास नावाची चीजच नाही. जावात स्ट्रक्ट नाही. जावा १६ पासून रेकॉर्ड (नुसता डेटा ठेवायचे टाइप) पक्के झाले, पण तेही रेफरन्सच. यातला कोणता ‘कन्सेप्ट’ सांगू? मी हे सगळं सांगायला लागले तर मध्येच तोडून म्हणाले, ‘सरळ उत्तर द्या, स्टॅक की हीप?’ मी म्हटलं, तसं सरसकट सांगता येत नाही. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. ती नोकरी मिळाली नाही. नोकरीचं जाऊ दे, पण ‘स्टॅक, हीप’ असं घडाघडा म्हणणारं कुणीतरी तिथे पास झालं असेल आणि आज कुणाच्या तरी कोडमध्ये बदलणारी स्ट्रक्टं पेरत असेल, याचा संताप अजून जात नाही.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड शिकवताना इनहेरिटन्सची प्राण्यांची झाडं तासन्‌तास काढतात. पण ‘अ’ची किंमत ‘ब’मध्ये टाकली, मग ‘ब’ बदलला, तर ‘अ’ बदलेल का, हा एक प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारत नाहीत. तो विचारला असता तर माझ्या तीन रात्री वाचल्या असत्या.

तीन नाही, पाच. कारण चौथ्या दिवशी मी ‘स्ट्रक्ट’ खोडून ‘क्लास’ केलं, यादी सुधारली, आणि दुसरीकडे बुकिंग सेव्ह होणंच थांबलं. तिथे फॉर्म उघडताना जुनं बुकिंग एका व्हेरिएबलमध्ये बाजूला ठेवत होते आणि शेवटी नव्याशी ताडून बघत होते. स्ट्रक्ट असताना ती आपोआप कॉपी व्हायची. आता जुनं आणि नवं एकच ऑब्जेक्ट, त्यामुळे तुलनेचं उत्तर कायम ‘काही बदललं नाही’. म्हणजे अर्धा कोड कॉपी होत नाही असं धरून लिहिलेला आणि अर्धा कॉपी होते या भरवशावर तगलेला, आणि लिहिणाऱ्यांना दोन्हींचा पत्ता नव्हता! आता अशी प्रत्येक जागा शोधून तिथे मुद्दाम कॉपी करणारी मेथड बोलावतेय. आत्तापर्यंत अकरा सापडल्या आहेत.