लोणच्याच्या बरणीतलं डांबर

गेल्या मे महिन्यात देवगडला घरी होतो. पहिल्याच सकाळी पुळणीवरून फिरून आलो आणि आईने खळ्यातच अडवलं. "पाय पूस आदी, मगे घरात ये." हातात खोबरेल तेलात भिजवलेला फडका. पूर्वी तो रॉकेलचा असायचा, आता रॉकेल मिळत नाही.

पावसाच्या तोंडावर वारा फिरला की आमच्या किनाऱ्यावर डांबराच्या गोळ्या लागतात. सुपारीएवढ्या, कधी आवळ्याएवढ्या. वरून वाळूने माखलेल्या, दाबल्या की आत मऊ, काळ्याभोर. तळपायाला लागलेलं डांबर दोन दिवस जात नाही. जाळ्याला लागलेलं जातच नाही, तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो.

यंदा आमच्या दादाने, म्हणजे चुलतभावाने, रापण ओढून झाल्यावर त्या गोळ्या वेचल्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरल्या. ती बरणी घेऊन आम्ही दोघं तीन कार्यालयांत गेलो. पहिल्या ठिकाणी सांगितलं, १२ सागरी मैलांपलीकडचं सगळं केंद्राकडे. दुसऱ्या ठिकाणी बरणीचं झाकण न उघडताच सांगितलं, हे जहाजांचं काम, तेलविहिरींचा संबंध नाही. तिसऱ्या ठिकाणी अर्ज घेतला, आवकचा शिक्का मारला आणि बरणी परत दिली. नमुना ठेवून घ्यायची सोय नव्हती.

वास्तविक हे कोडं सुटू शकतं. प्रत्येक तेलाला स्वतःचा रासायनिक ठसा असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावरच्या गोळ्यांचे असे ठसे जुळवून पाहिले आहेत, आणि त्यांचा माग टँकर धुतलेल्या पाण्याकडे गेला तसा मुंबईसमोरच्या समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राकडेही गेला. दादाची बरणी तिथवर कोणी न्यायची, हे मात्र कुठेही ठरलेलं नाही.

मी गेली तेरा वर्षं नॉर्वेत, स्टाव्हांगरला राहतो. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरचे पाइप आतून किती झिजलेत हे मोजायचं माझं काम. म्हणजे माझ्या घरातली चूल तेलावरच पेटते, आणि तेल काढूच नका असं मी म्हणणार नाही. पण इथे जे रोज बघतो ते कोकणात कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो आहे.

परत आल्यावर एका रविवारी दादाला व्हिडिओ कॉलवर इथल्या तपासणी संस्थेचा एक अहवाल वाचून दाखवला. या संस्थेला आता हावटिल म्हणतात. तिचे अहवाल तिच्या संकेतस्थळावर असतात आणि कोणीही उघडून वाचू शकतो. कोणत्या प्लॅटफॉर्मवर, कोणत्या तारखांना तपासणी झाली, कंपनी कोणती, नियमभंग कुठे आढळला, सुधारणेला वाव कुठे आहे आणि कंपनीने कधीपर्यंत उत्तर द्यायचं. सगळं कंपनीचं नाव घेऊन. मी मराठीत सांगत गेलो. दादा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "ता सगळा खरा रे. पण आमी इचारूचा कोणाक?"

मला वाटतं, कोकणातल्या वादाचं मूळ या प्रश्नात आहे. आधी नाणार, मग बारसू. गेली सात-आठ वर्षं आम्ही रिफायनरी हवी की नको यावर भांडतो आहोत. घराघरांत दोन तट पडले. बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाच्या वेळी एप्रिल २०२३ मध्ये बायाबापड्या उन्हात आडव्या झाल्या. पण उद्या काही आलंच तर त्यावर नजर कोण ठेवणार, आणि त्याने काय पाहिलं ते गावाला कसं कळणार, हे ना समर्थक विचारतात ना विरोधक. जमिनीवरच्या प्रकल्पाचं हे असं, मग समुद्रातल्या तेलाच्या शोधाकडे कोणाचं लक्ष जाणार?

आपल्याकडे व्यवस्था आहे, नाही असं नाही. हायड्रोकार्बन महासंचालनालय १९९३ पासून आहे, तेल उद्योग सुरक्षा संचालनालय १९८६ पासून. दोन्ही पेट्रोलियम मंत्रालयाखाली, आणि तेल काढणारी सरकारी कंपनी ओएनजीसीही त्याच मंत्रालयाखाली. गुंतवणूकदाराला तेलपट्टा दाखवणारा, उत्पादन वाढावं म्हणून मागे लागणारा आणि सुरक्षा तपासणारा, तिघेही एकाच घरचे. तिथे काम करणाऱ्या माणसांच्या सचोटीबद्दल माझी तक्रार नाही. घराची मांडणीच चुकीची आहे.

अमेरिकेत हेच झालं होतं. सार्वजनिक मालकीच्या समुद्रातले पट्टे लिलावाने देणं, रॉयल्टी गोळा करणं आणि विहिरी तपासणं ही कामं २०१० पर्यंत एकाच संस्थेकडे होती. त्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन ही विहीर खोदणारी रिग पेटली, ११ कामगार गेले, ८७ दिवस तेल वाहत राहिलं. मग ती संस्था मोडून कामं वेगळी केली. नॉर्वेने सुरक्षेची तपासणी तेल संचालनालयातून २००४ मध्ये बाहेर काढली. नॉर्वेलाही हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी अलेक्झांडर कीलंड हा राहण्याचा तराफा वादळात उलटला आणि २१२ पैकी १२३ माणसं बुडाली. माझ्या घरापासून सायकलने जाता येईल अशा अंतरावर, समुद्राकाठी, त्यांचं स्मारक आहे. तुटलेली एक मोठी साखळी. तिथे उभा राहिलो की मला आपली माणसं आठवतात. २७ जुलै २००५ ला मुंबई हायच्या आगीत गेलेले २२ जण, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात कामगारांच्या राहण्याच्या पी-३०५ बार्जबरोबर बुडालेले सत्तरहून अधिक. त्यांच्या मृत्यूने आपल्या मांडणीत काय बदललं?

उलट दिशेने मात्र बदललं. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तेल-वायूच्या शोधासाठीच्या खोदकामाला ब-२ वर्गात टाकलं, जमिनीवरच्या आणि समुद्रातल्याही. त्या वर्गाला पर्यावरण आघात अहवाल लागत नाही, जनसुनावणीही लागत नाही. म्हणणं असं की हा फक्त शोध आहे, उत्पादन सुरू करताना सगळं बघू. पण विहीर ती विहीरच. खाली किती दाब आहे हे नीट माहीत नसतं ते नेमकं शोधाच्याच वेळी. डीपवॉटर होरायझनवरची ती विहीरही शोधाचीच होती. आणि संरक्षित क्षेत्राशेजारी विहीर हाताबाहेर गेली की काय होतं ते आसामात बाघजानला दिसलं. ती विहीर उत्पादनातली होती, दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाला लागून. मे २०२० मध्ये फुटली, जूनमध्ये पेटली आणि नोव्हेंबरपर्यंत विझली नाही.

आता मालवण घ्या. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाळं टाकणाऱ्या माणसाच्या डोक्यावर तेव्हापासून निर्बंधांची टांगती तलवार आहे, आणि त्याचा राग मी लहानपणापासून ऐकत आलो. विजयदुर्गपासून समुद्रात शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, पाण्याखालचं प्रवाळांचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. ते १२ सागरी मैलांच्या पार पलीकडे, त्यामुळे राज्याच्या अभयारण्याची रेघ तिथवर पोचत नाही. होडीवाल्याला नकाशावरची रेघ दाखवायची आणि जिथे मोठी जहाजं जातात तिथे रेघच नाही, हे मला पटत नाही.

मच्छीमाराच्या बाबतीत इथलं आणि तिथलं अंतर फार बोचतं. नॉर्वेत भूकंपीय सर्वेक्षणाच्या, म्हणजे ध्वनिलहरी सोडून समुद्रतळाखालचं तेल शोधणाऱ्या, जहाजावर मासेमारी जाणणारा माणूस असावाच लागतो. कोळ्यांना जागा सोडावी लागली तर भरपाई कशी द्यायची याचं वेगळं प्रकरणच पेट्रोलियम कायद्यात आहे. पालघर-डहाणूचे आपले मच्छीमार मात्र ऐन हंगामात सर्वेक्षणासाठी जाळी उचलायला लावली म्हणून रस्त्यावर येतात आणि भरपाईसाठी मोर्चे काढतात.

नॉर्वेला मी डोक्यावर घेत नाही. लोफोटेनच्या बेटांजवळ कॉड अंडी घालायला येतो, तो लाकडी मांडवांवर वाळवतात, आपल्याकडे बांबूंवर बोंबील टांगतात तसाच. तिथलं पाणी तेलाला बंद आहे, पण ते कायमच्या कायद्याने नाही. दर निवडणुकीनंतर पक्षांची बोलणी होतात आणि तेव्हा ते पुन्हा पणाला लागतं. बॅरेंट्स समुद्रातल्या परवान्यांविरुद्ध पर्यावरणवाले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २०२० मध्ये हरले. तरी इथे हरलेल्या माणसालाही कागद वाचता येतो.

"तिकडे बसून बोलणं सोपं आहे," असं मला गावात ऐकवतात. सोपं आहे, मान्य. पण मी मागतो त्याला नॉर्वेचा पैसा लागत नाही. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा, हे आपल्याच २००६ च्या अधिसूचनेत आहे, आणि तो अहवाल सार्वजनिक असतो. तो इंग्रजीत असतो, संकेतस्थळाच्या पोटात कुठेतरी असतो, आणि कोकणातल्या एकाही ग्रामसभेत वाचला गेल्याचं मी ऐकलेलं नाही. तो मराठीत किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना पाठवावा. शोधाच्या विहिरीलाही जनसुनावणी परत लावावी. आणि किनाऱ्यावर लागलेल्या डांबराचा नमुना घेऊन, पावती देऊन, निकाल कळवणारं एक टेबल जिल्ह्यात असावं.

या तीन मागण्यांचा ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचं दादाने कबूल केलं आहे. मसुदा मी लिहितो आहे. काल त्याचा निरोप आला, "मराठीत लिव हां. आणि बरणी मी टाकूक नाय, पडवीत आसा."