पाऱ्यावर उडालेलं विमान आणि न सापडणारा अंक

भाचीच्या शाळेच्या विज्ञान प्रकल्पाचा तक्ता परवा समोर आला. वर ठळक अक्षरांत : ‘जगातील पहिले विमान – चौपाटी, मुंबई, १८९५’. मजकूर कुठून आला हे विचारायची गरजच नव्हती. दर काही महिन्यांनी घरच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींसकट येतो, तोच. ग्रुपवर होता तोवर सोडून दिला होता. आता तो स्केचपेनने तक्त्यावर उतरलाय, म्हणून एकदाचं लिहितो.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : शिवकर बापूजी तळपदे यांनी ‘वैमानिक शास्त्र’ हा प्राचीन ग्रंथ वाचून ‘मरुत्सखा’ नावाचं विमान बांधलं. १८९५ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासमोर ते चालकाविना १५०० फूट उडालं. त्यात पाऱ्याचं इंजिन होतं आणि ते सूर्यकिरणांवर चालायचं. ‘केसरी’त बातमी आली. पुढे विमान इंग्रजांच्या घशात गेलं आणि आठ वर्षांनी राइट बंधूंनी ते आपल्या नावावर खपवलं. आता नासा तेच पाऱ्याचं इंजिन बनवतेय.

तळपदे होते, हे आधीच मान्य करून टाकतो. जे. जे. कलाशाळेशी संबंध असलेला, आर्य समाजातला, उडण्याच्या ध्यासाने झपाटलेला माणूस. स्वतःच्या खिशातून प्रयोग करत होता आणि १९१६ मध्ये वारला. १८९५ मध्ये चालकाविना एखादा नमुना हवेत जाणं अशक्यही नव्हतं. फ्रान्समध्ये पेनॉने रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान १८७१ मध्येच अकरा सेकंद उडवून दाखवलं होतं. पण मग ‘जगातील पहिले’ हे दोन शब्द तिथेच गळून पडतात. राइटांचं नाव झालं ते नुसतं उडण्याने नव्हे. माणूस बसलेला, इंजिनाच्या जोरावर चाललेला आणि हवेत वळवता येणारा यंत्रपक्षी त्यांनी १७ डिसेंबर १९०३ रोजी उडवला म्हणून. चालकाविना विमानाची तुलना राइटांशी करणं म्हणजे पतंगाची पोस्टाशी.

आता पारा. या एका मुद्द्यावर मला थांबावंच लागणार, कारण तक्त्यात नेमकी त्याचीच रंगीत आकृती काढली आहे.

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, एक लिटर पाऱ्याचं साडेतेरा किलोच्या वर. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. वाफेचं इंजिन चालतं ते वाफेने सोबत आणलेल्या उष्णतेवर. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२५७ किलोज्यूल लागतात, एक किलो पाऱ्याची करायला सुमारे २९५. म्हणजे तेवढीच उष्णता वाहून न्यायची तर पाण्याच्या जवळपास आठपट वजनाचा पारा नळ्यांतून फिरवावा लागेल. शिवाय पाण्याची वाफ हवेत सोडून देता येते, पाऱ्याची नाही. ती विषारी आणि वर महागडी, म्हणून परत थंड करून बॉयलरमध्ये आणायला कंडेन्सर हवा. कंडेन्सर म्हणजे आणखी नळ्या, आणखी वजन, आणि प्रत्येक सांध्यातून गळतीची भीती. पाऱ्याचा थेंब एकदा फटीत शिरला की काढता काढता नाकी नऊ येतात. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असेल तर पारा त्याच्यावरचा संरक्षक थर फोडून धातूच खात जातो. आजही प्रवाशाला पाऱ्याचा बॅरोमीटर विमानात सहज नेऊ देत नाहीत, त्यामागचं कारण हेच.

पाऱ्याच्या वाफेवर टर्बाइन चालले, हे खरं आहे. अमेरिकेत विसाव्या शतकात, वीजघरांत, एमेट नावाच्या इंजिनिअरने ते चालवून दाखवले. पारा कमी दाबावरही खूप तापवता येतो, एवढाच त्याचा फायदा. पण ती यंत्रं जमिनीवर काँक्रीटच्या पायावर बसवलेली होती, त्यांना उचलायचं कोणी नव्हतं.

हा पारा सूर्यकिरणांनी तापायचा, असं फॉरवर्ड सांगतो. भर दुपारी, निरभ्र आकाशात, एक चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट ऊन पडतं. राइटांच्या विमानाच्या पंखांचं क्षेत्रफळ साधारण ४७ चौरस मीटर आणि इंजिन बारा अश्वशक्तीचं, म्हणजे नऊ किलोवॉट. पूर्ण पंख ऊन गोळा करणाऱ्या यंत्रणेने झाकले आणि त्यातलं दहा टक्के ऊन गतीत बदललं असं उदार मनाने धरलं, तरी पावणेपाच किलोवॉट हाती लागतात. निम्मेच. ३५७ अंश गाठायला नुसतं ऊन पुरत नाही, आरसे लावून ते एका ठिकाणी आणावं लागतं, आणि आरसे सतत सूर्याकडे वळते ठेवावे लागतात. चालकाविना, हेलकावे खात उडणाऱ्या यंत्रावर हे काम कोण करत होतं?

‘नासाचं पाऱ्याचं इंजिन’ याच थैलीतलं. नासाने १९६४ मध्ये आणि नंतर १९७० मध्ये पाऱ्यावर चालणारी आयन इंजिनं (विद्युतभारित कणांचा झोत मागे सोडून पुढे ढकलणारी) अंतराळात नेऊन पाहिली, हे खरं. पण त्यातल्या १९७० च्या इंजिनाचा जोर होता २८ मिलिन्यूटन. तीन ग्रॅमही नाही. वहीचं एक पान जेमतेम पेललं असतं. हवेत तर ते चालतही नाही, त्याला निर्वात जागा लागते. पुढे पारा सोडून झेनॉन वायू वापरायला लागले. त्यात उकळणारा बॉयलर नाही, ऊन नाही आणि चौपाटीही नाही.

ग्रंथाच्या बाबतीत मात्र गणितसुद्धा करावं लागत नाही, सनावळी बघितली की झालं. ‘वैमानिक शास्त्र’ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहून घ्यायला लावलं. आकृत्या १९२३ मध्ये बंगळुरूच्या एका आरेखकाने काढल्या. तळपदे तर १९१६ मध्येच गेले होते. म्हणजे १८९५ चं विमान अठ्ठावीस वर्षांनी लिहून झालेल्या पोथीवरून बांधलं होतं म्हणायचं.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच जणांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची चिरफाड केली आहे. या विषयावर एकच गोष्ट वाचायची असेल तर ती वाचा. भाषा वेदकालीन नाही, अलीकडची आहे, हा त्यांचा पहिला निष्कर्ष. शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर ही ग्रंथातली चारही विमानं त्यांनी आकार, वजन आणि शक्ती धरून तपासली आणि एकही उडू शकत नाही असं ठरवलं. रुक्म विमानात वरून हवा ओढून खाली ढकलणारे पंखे आहेत, त्या कल्पनेत थोडा अर्थ आहे, एवढं श्रेय त्यांनी प्रामाणिकपणे दिलंय. तळपद्यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली नमुने करून पाहिले, पण एकही उडवता आला नाही, अशीही नोंद त्यात आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा निबंध बघितला असता तर बरं झालं असतं.

१५०० फूट. म्हणजे राजाबाई टॉवर एकावर एक पाच ठेवले तरी वर थोडी जागा उरते. ही उंची मोजली कोणी? मोजायची असती तर वाळूवर एक रेषा आखून तिच्या दोन टोकांना थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, घेऊन दोन माणसं उभी करावी लागली असती, आणि एकाच क्षणी दोघांनी कोन वाचून टिपावा लागला असता. तसं टिपण असतं तर आकडा १४३० किंवा १५७० असा काहीतरी आला असता. गोल आकडा बहुधा नजरेनेच येतो. वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवर लँगली या अमेरिकन शास्त्रज्ञाने ६ मे १८९६ रोजी चालकाविना वाफेचं विमान किलोमीटरभर उडवलं. ते अकरा-बारा किलोचं होतं आणि त्याला एक अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन होतं. टेलिफोनवाला ग्रॅहम बेल तिथे हजर होता आणि त्याने फोटो काढले. विमानही आज संग्रहालयात आहे. मरुत्सख्याचं वजन किती, पंख किती फुटांचे, इंधन किती भरलं होतं, यातलं एकही फॉरवर्डमध्ये नाही.

राइटांनी चोरलं म्हणता, तर नेमकं काय चोरलं? त्यांच्या यंत्रात पेट्रोलचं इंजिन, सायकलसारख्या साखळ्या, पंखांची टोकं पिळून तोल सांभाळायची युक्ती. पारा नाही, ऊन नाही. मूळ चीज टाकून द्यायला कोणी चोरी करत नाही. आकारासाठी त्यांनी १९०१ मध्ये हवेच्या बोगद्यात दोनशेच्या आसपास छोटे पंख तपासले होते.

न्यूझीलंडचा शेतकरी रिचर्ड पिअर्स राइटांआधी उडाला, असाही एक दावा आहे. पण तिथल्या हौशी मंडळींनी नुसते मेसेज फिरवले नाहीत. शेतातल्या उकिरड्यातून त्याच्या यंत्राचे तुकडे उकरून काढले, ते ऑकलंडच्या संग्रहालयात ठेवले, त्याचं पेटंट आणि पत्रं जमवली. त्या पत्रांत पिअर्स स्वतःच राइटांना मान देतो, हेही लपवलं नाही. इतिहास जपायचा तर असा.

तक्त्यावर मराठी नावच हवं असेल तर डॉ. विष्णू माधव घाटगे लिहा. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल या वायुगतिशास्त्रज्ञाकडे शिकून आले आणि एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांनी रचलं. ते १९५१ मध्ये उडालं, आणि त्याचे आकडे, फोटो सगळं आहे. नाहीतर मुंबईचे लेफ्टनंट वेलिणकर लिहा, पहिल्या महायुद्धात सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान उडवत होते आणि जून १९१८ मध्ये गेले.

राहता राहिला ‘केसरी’. तेव्हा तो साप्ताहिक होता, म्हणजे वर्षाचे अंक पन्नासच्या थोडे वर. रानडे १८९३ पासून मुंबईच्या उच्च न्यायालयात होते, तेव्हा चौपाटीवर येणं त्यांना अवघड नव्हतं, हेही कबूल. पण महाराजा आणि न्यायाधीश दोघं उभे असताना एक यंत्र आकाशात गेलं, तर मुंबईच्या एकाही दैनिकाने ते टिपून ठेवायला नको होतं का? ‘केसरीत आलं होतं’ असं प्रत्येक फॉरवर्ड म्हणतो, अंक कुठला हे एकही सांगत नाही. तारीख, पान आणि रकाना, एवढंच पाठवा.