पुढच्या दाराने उतरावे

डोंबिवली ते सीएसएमटी, एकतीस वर्षं. एवढ्या तपश्चर्येनंतर जगातल्या कुठल्याही गाडीतून आपण उतरू शकतो, असा मला माज होता. जपानच्या शिकोकू बेटावर, शिमोनादा नावाच्या स्टेशनात तो उतरला. आधी माज उतरला. मग बऱ्याच वेळाने मी.

मुलगी मात्सुयामाला संशोधन करते. तिच्याकडे आम्ही दोघं तीन महिने मुक्कामाला होतो. एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, इथून तासाभरावर समुद्राला टेकलेलं स्टेशन आहे. इयो शहराच्या हद्दीत येतं. जाऊन या ना दोघं." घर दिवसभर मोकळं मिळावं हा त्यातला सुप्त हेतू मला कळला, पण 'इयो शहर' हे दोन शब्द मी जरा जास्तच मनावर घेतले. जपानीत शहराला 'शी' म्हणतात एवढं मला येत होतं. मशीनवर 'इयो-शी' दिसताच मी रुबाबात तिकीट काढलं. इयो-शी हे वेगळंच स्टेशन असून ते बरंच अलीकडे आहे, हे नंतर समजलं. म्हणजे डोंबिवली ठाणे जिल्ह्यात आहे म्हणून ठाण्याचं तिकीट काढून डोंबिवलीला उतरण्याचा प्रकार.

गाडी एक डब्याची. गार्ड नाही, टीसी नाही, सगळा कारभार एकट्या मोटरमनकडे. याला तिकडे 'वानमान' म्हणतात. हा शब्द इंग्रजीतून आलाय हे कळायला मला चार स्टेशनं लागली. मी हौसेने त्याच्या मागेच उभा राहिलो. पांढरे हातमोजे घातलेला तो तरुण प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने काहीतरी म्हणायचा. चूक होऊ नये म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं तोंडानेही म्हणायची ही तिथल्या रेल्वेची जुनी शिस्त आहे. मला वाटलं, पाहुण्याला निसर्ग दाखवतोय. मी दोनदा मान डोलावून "हाय, हाय", म्हणजे जपानीत "हो, हो", म्हटलं. तिसऱ्यांदा हिने मला शर्टाला धरून मागे ओढलं आणि सीटवर बसवलं.

मुकाईबाराला फाटा फुटतो. १९८६ साली उचिकोवरून डोंगरातला जवळचा मार्ग झाला, तेव्हापासून एक्स्प्रेस गाड्या तिकडून जातात. समुद्राकाठच्या या जुन्या मार्गाकडे बहुतेक अशा एकट्यादुकट्या डब्यांच्या गाड्या उरल्या. उजवीकडे एकदम समुद्र आला. निळा, शांत, इस्त्री केल्यासारखा. पण मी तो पाहिला नाही, कारण कामिनादा गेलं होतं आणि पुढचं आमचं. दिवा गेलं की उठायचं, हे रक्तात आहे. चढलो त्याच मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. सॅक छातीवर, कोपरं तयार. मागून कोणी ढकलत नाही म्हटल्यावर जरा एकटं एकटं वाटलं.

गाडी थांबली. दार उघडेना. मी दाराला हात लावला, थोपटलं. मागे वळून पाहतो तर पुढचं दार उघडं आणि ही मोटरमनशेजारी पर्स घेऊन उभी. "अहो, इकडे या! बेस्टसारखं आहे. मागून चढायचं, पुढून उतरायचं." दादर ते वरळी सव्वीस वर्षं बेस्टने गेलेल्या बाईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे तेज होतं, ते मी आमच्या लग्नातही पाहिलेलं नाही.

पुढे भाड्याची पेटी. मोटरमनने माझं तिकीट पाहिलं, वरच्या फलकावरच्या आकड्यांकडे हात केला आणि कमरेत वाकून माझी माफी मागितली. चूक माझी, माफी त्याची! मी दहा हजार येनची नोट पुढे केली. ती पेटी हजारापर्यंतचीच नोट मोडते. त्याने पुन्हा माफी मागितली. मग मी खिशातलं पाचशेचं नाणं एका फटीत टाकलं. क्षणात खालून खळखळ करत सुट्टी नाणी बाहेर आली. यंत्राला आपली दया आली, पैसे परत दिले, असं समजून मी ती खिशात घालून उतरायला लागलो. ती फट सुट्टे करून घेण्याची होती. भाड्याची फट वेगळी.

आता तळहातावर नाण्यांचा ढीग. त्यातलं एक भोकाचं पन्नासचं, एक भोकाचंच पाचाचं. पाचाच्या नाण्यावर आकडाच नसतो, किंमत फक्त चिनी अक्षरांत. मी ते उलटसुलट करून पाहतोय, भोकातूनही पाहतोय, आणि मागे अख्खा डबा थांबलेला. शाळकरी मुली, एक टोपलीवाल्या आजी. कोणी चकार शब्द काढत नव्हतं. आपल्याकडे एव्हाना "ओ काका, रात्र करणार का?" झालं असतं, दोन शिव्या, एक धक्का, आणि मी सुखरूप प्लॅटफॉर्मवर असतो. त्या शांततेला धरायला कडीसुद्धा नव्हती. शेवटी हिने तीन महिन्यांच्या भाजीखरेदीत कमावलेल्या ज्ञानाने माझ्या हातावरची नाणी चिमटीने उचलून पेटीत टाकली. आजींनी मला वाकून नमस्कार केला. का, कुणास ठाऊक.

गाडी गेली. एकच प्लॅटफॉर्म, छोटं छप्पर, त्याखाली बाक आणि समोर इयो-नादाचा समुद्र. हे स्टेशन १९३५ चं. एके काळी ते जपानमधलं समुद्राला सर्वांत जवळचं म्हणून मिरवायचं. मग भराव घालून मध्ये रस्ता केला आणि समुद्र चार पावलं मागे गेला. पण 'सेइशुन १८' नावाच्या स्वस्त पासाच्या पोस्टरांवर हे बाक झळकलं आणि लोकांना वेड लागलं. सेइशुन म्हणजे तारुण्य. पासाला वयाची अट मात्र नाही, हे मी हिला दोनदा सांगितलं.

बाकावर एकांतात बसून फोटो काढायचा, ही इथली रीत. एकांतासाठी रांग होती. आमच्या पुढे सतरा जण. आपला नंबर आला की बाकावर जायचं, पाठमोरं बसायचं, क्षितिजाकडे बघत जगाला कंटाळल्यासारखं करायचं, मग पटकन उठून मागच्याला वाकून बाक सोपवायचं. फोटो काढणारा उकिडवा बसतो, म्हणजे खालचा रस्ता दिसत नाही. माझे गुडघे तेवढे कलावंत नाहीत, त्यामुळे आमच्या फोटोत हिच्या एकांतातून एक पांढरा टेम्पो चाललाय.

परतीच्या गाडीला दोन तासांहून जास्त वेळ होता. थालीपीठं संपली, समुद्र सोनेरी झाला, मग लाल. मी मात्र सुट्टे पैसे मोजत होतो. गाडीत मागून चढलो, कुठून चढलो ते सांगणारा आकडा छापलेली चिठ्ठी घेतली आणि थेट पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. तासभर. मुठीत मोजून भाडं, अगदी येन न् येन. ही मागे बसून डुलक्या घेत होती.

मात्सुयामा आलं. मोठं स्टेशन, म्हणून सगळी दारं एकदम उघडली. ही मागच्या दाराने उतरून चालूही लागली. मी पेटीवर मूठ उघडणार, तेवढ्यात मोटरमनने हातमोज्याचा हात आडवा धरला, बाहेरच्या फाटकाकडे बोट दाखवलं, तिथे भरा म्हणाला आणि कमरेत वाकून माझी माफी मागितली.