पाठवा, पाठवा, पाठवा

'कृपया बटण एकदाच दाबा' ही सूचना वेबसाइटवर दिसली की मला जिन्यातली 'येथे थुंकू नये' ही पाटी आठवते. दोन्हींचा परिणाम सारखाच. बटण दाबूनही समोर काही हललं नाही, तर माणूस ते पुन्हा दाबणारच. लिफ्टचं नाही का दाबत? त्यातून आपली एक अख्खी पिढी डेस्कटॉपवरच्या चित्रांवर दोन-दोन टिचक्या मारत कॉम्प्युटर शिकली. त्या दोन टिचक्यांसाठी विंडोज मुळात ५०० मिलिसेकंदांची सवड देतं. फॉर्म दोनदा जायला तेवढी पुरते.

समजा, फॉर्म दिवाळीच्या फराळाचा आहे आणि मागणी अर्धा किलो भाजणीच्या चकलीची. पाठवा, पाठवा, पाठवा. झाली दीड किलो.

यावर पहिला उपाय सगळ्यांना एकच सुचतो: दाबताक्षणी बटण बंद. ते क्लिकवरच बंद केलं, तर काही ब्राउझर म्हणतात, 'बटण बंद आहे ना, मग फॉर्म कशाला पाठवू?' दुबार ऑर्डरी थांबतात, कारण पहिलीही येत नाही. म्हणून पहारा फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर, म्हणजे फॉर्म निघण्याच्या क्षणावर, बसवावा. एंटर दाबून घुसणारेही तिथे सापडतात. तरी एक मेख राहते. बंद बटणाचं नाव सर्व्हरकडे, म्हणजे फॉर्म घेणाऱ्या पलीकडच्या कॉम्प्युटरकडे, जात नाही. 'मसुदा ठेवा' आणि 'पाठवा' अशी दोन बटणं असतील, तर कोणतं दाबलं ते कळायला मार्ग नाही. मी बटणाला हात लावत नाही. फॉर्मवर 'निघाला' अशी खूण करतो आणि खूण असताना आलेला दुसरा सबमिट अडवतो. विनंती फसली तर खूण पुसायची. बॅक दाबून आलेल्याला ब्राउझर कधीकधी पान जसंच्या तसं, खुणेसकट, परत देतो. म्हणून पेजशो इव्हेंटवरही, म्हणजे पान समोर येताक्षणी, ती पुसायची. हे विसरलं की गिऱ्हाईक मेलेल्या बटणावर बोट झिजवत बसतं.

पान रिफ्रेश करून तोच फॉर्म पुन्हा धाडणाऱ्यांचा बंदोबस्त सोपा. ऑर्डर घेतल्यावर 'धन्यवाद'चं पान तिथल्या तिथे न देता सर्व्हरने ३०३ हा 'दुसरीकडे पाहा' सांगणारा कोड पाठवावा, म्हणजे ब्राउझर ते पान गेटने, नुसतं पान मागणाऱ्या विनंतीने, वेगळं मागतो. मग हवं तेवढं रिफ्रेश करा, धन्यवादच मिळतील. मात्र उत्तर येण्याआधीच निघालेल्या दोन टिचक्यांपुढे ३०३ हतबल आहे.

खरं कुलूप ब्राउझरच्या दाराला नाही, सर्व्हरच्या कोठीला लागतं. फॉर्म उघडतानाच त्यात एक लपलेलं कूपन घालावं: लांबलचक, अंदाज न करता येणारा क्रमांक, म्हणजे यूयूआयडी वगैरे. प्रत्येक टिचकीला नवं कूपन फाडणारे महाभाग आहेत. त्यांनी कूपन न फाडलेलंच बरं. फॉर्मचं पान कॅशमध्ये, म्हणजे सगळ्यांना वाटायची तयार प्रत करून, ठेवणारे त्याहून थोर: साऱ्या गावाला एकच कूपन, पहिल्याला चकली, बाकीच्यांना 'तुमची ऑर्डर आधीच आली आहे'.

आता सर्व्हर आधी विचारतो, 'हे कूपन वापरलंय का?' नाही म्हटल्यावर ऑर्डर लिहितो आणि मग कूपनावर काट मारतो. पाहणं आणि काट मारणं यांच्या फटीतून दुसरी विनंती आत शिरते. वीस मिलिसेकंदांच्या अंतराने आलेल्या दोघींनाही कूपन कोरंच दिसतं. म्हणून पाहत बसूच नये. डेटाबेसातल्या ऑर्डरींच्या तक्त्यात कूपनाचा रकाना ठेवून त्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे एकच क्रमांक दोनदा न येऊ देणारा नियम, लावावा आणि नोंद सरळ घालावी. दुसरी नोंद आपटते: मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये त्रुटी क्रमांक १०६२, पोस्टग्रेसमध्ये २३५०५. निवाडा डेटाबेस करतो, आणि तो भिडेखातर कुणाला आत सोडत नाही. गिऱ्हाइकाला पावतीचा एसएमएस ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावरच, म्हणजे नोंद पक्की झाल्यावरच, पाठवावा.

कूपनाचा कंटाळा असलेले मोबाइल नंबरच युनिक करतात किंवा पाच मिनिटांत तोच मजकूर आला तर फेकतात. पण अर्धा किलो घरी आणि अर्धा किलो नणंदेकडे, एकाच नंबरवरून, हे आपल्याकडे सर्रास चालतं. नणंदेची चकली अडवून वर तिची समजूत घालायला डेटाबेस येणार नाही. नव्या फॉर्मला नवं कूपन असलं की हा तंटाच उद्भवत नाही.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक मात्र ना उतावळं, ना चुकलेलं. ऑर्डर नोंदली गेली, पण उत्तर परतताना गाडी बोगद्यात शिरली. स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय. त्याने पुन्हा दाबणं अगदी रास्त. त्याच्या दुसऱ्या विनंतीला लाल अक्षरांत 'दुबार नोंद' असं खडसावलं, तर घाबरून तो नवा फॉर्म भरेल, नव्या कूपनासह. त्याला पहिलीच पावती, त्याच क्रमांकाची, निमूट परत द्यावी. कूपन तेच पण अर्ध्याचा एक किलो झाला असेल, तर मात्र निमूटपणा नको, सरळ विचारावं.

एवढं सगळं चोख बसवल्यावर नवरा ऑफिसातून एक फॉर्म भरतो आणि बायको घरून दुसरा. दोन फोन, दोन कूपनं, पत्ता एकच. तिथे मी इंडेक्स लावत नाही. फराळवाल्या काकूंच्या यादीत एकाच पत्त्याच्या ऑर्डरी शेजारी-शेजारी छापतो, आणि काकू फोन लावून विचारतात, 'अहो, चकली नक्की अर्धाच किलो ना?'