तुझे अटॅक झाले का?

ऑनलाइन गेमबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारचं लिहिलं जातं. एकतर मुलं बिघडली, नाहीतर ई-स्पोर्ट्समध्ये करिअर. या दोन्हींत न बसणारी पुष्कळ साधी माणसं रोज संध्याकाळी क्लॅनमध्ये, म्हणजे गेममधल्या आपल्या टोळीत, हजेरी लावतात, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. मी चाळिशी ओलांडलेली, नोकरी करणारी, दोन मुलांची आई आहे आणि 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मधल्या एका क्लॅनची को-लीडर आहे. (हे आत्ता वाचून माझ्या ऑफिसातले काही जण खुर्चीवरून पडले असतील. सावकाश उठा.)

क्लॅन माणसाला धरून का ठेवतो, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, मैत्री होते. मला ते पटत नाही. आमच्या क्लॅनमधल्या निम्म्या लोकांचं खरं नाव मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही. माझं म्हणणं असं की तिथे तुमच्या वाट्याला एक छोटंसं, नेमकं काम येतं. ते तुमच्याऐवजी दुसरं कोणी करू शकत नाही आणि ते झालं की नाही हे सगळ्यांना दिसतं. मोठ्या माणसांच्या आयुष्यात असं काम फार क्वचित मिळतं. ऑफिसात आपण रजेवर गेलो तर गाडं चालतंच, घरात कितीही राबलं तरी 'झालं' असं कधी होत नाही.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीने तो ऑगस्ट २०१२ मध्ये आयफोन-आयपॅडवर आणला, अँड्रॉइडवर यायला ऑक्टोबर २०१३ उजाडला. तुम्हाला एक गाव मिळतं. ते बांधायचं, तटबंदी घालायची, दुसऱ्याच्या गावावर हल्ला करून लूट आणायची. इथवर सगळं एकट्याचं. पण गावात सुरुवातीपासून एक पडका किल्ला असतो, क्लॅन कॅसल. तो दुरुस्त केल्याशिवाय कुठल्याच क्लॅनमध्ये जाता येत नाही आणि २०२२ पर्यंत तरी दुरुस्त केल्यावर कळायचं की त्यात स्वतःचं सैन्य स्वतःला ठेवता येत नाही. ते दुसऱ्याने द्यायचं. मागा, म्हणजे मिळेल. तुमच्याकडे भले शंभर ड्रॅगन पडून असोत, तुमच्या किल्ल्यात एक ड्रॅगन बसवायचा तर क्लॅनमधल्या कोणाला तरी "भावा, ड्रॅगन दे ना" असं म्हणावंच लागायचं.

ज्याने हा नियम काढला त्याला माणसं कळली होती. मागणाऱ्याला लाज वाटत नाही, कारण सगळेच मागतात. देणाऱ्याला आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटतं आणि कोणी किती दिलं, किती घेतलं याचे आकडे प्रत्येकाच्या नावापुढे असतात. फुकटे लगेच ओळखू येतात.

एप्रिल २०१४ मध्ये क्लॅन वॉर आलं आणि मग हे प्रकरण खरं रंगलं. एका क्लॅनमध्ये जास्तीत जास्त ५० जण. त्यातले ठरावीक जण समोरच्या तेवढ्याच जणांशी लढतात. जवळपास एक दिवस तयारीचा, मग एक दिवस लढाईचा. प्रत्येकाला दोन अटॅक, एका अटॅकला तीन मिनिटं. म्हणजे दोन दिवसांच्या वॉरमध्ये तुमच्याकडून प्रत्यक्ष खेळाची अपेक्षा फक्त सहा मिनिटांची. पण त्या सहा मिनिटांसाठी पंधरा माणसं तुमच्याकडे डोळे लावून बसलेली असतात. एका बेसवर, म्हणजे समोरच्या एका गावावर, जास्तीत जास्त तीन स्टार, स्टार सारखे झाले तर विध्वंसाची टक्केवारी बघतात. मी एक टक्क्याच्या फरकाने हरलेली वॉर पाहिली आहेत. तेव्हा चॅटमध्ये जी शांतता पसरते, तशी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतसुद्धा नसते.

दुसरं उदाहरण क्लॅन गेम्सचं. त्यात क्लॅनने मिळून ५०,००० गुण मिळवले की सगळ्यात मोठं बक्षीस, आणि एका माणसाला नेहमीची मर्यादा ४,००० गुणांची. भागाकार करून बघा. किमान तेरा जणांनी काम केल्याशिवाय शेवटचा टप्पा येतच नाही. कितीही पट्टीचा खेळाडू असला तरी तो क्लॅनला एकटा वर ओढू शकत नाही. यातला तेरावा माणूस कोण असतो? जो फारसा चांगला खेळत नाही, पण रोज येतो, तो. आणि त्याच्यावाचून अडतं. गणपती मंडळात वर्गणीला कधी न फिरणारा, भाषण न करणारा, पण मांडव घालायच्या पहाटे सगळ्यांच्या आधी हजर असणारा एक जण असतोच, तसा आमच्याकडे एक आहे. चॅटमध्ये त्याने आजवर एक शब्द लिहिल्याचं मला आठवत नाही. पण डोनेशनच्या यादीत पहिल्या तिघांत असतो. त्याला आम्ही एल्डर (साध्या मेंबरच्या वरचं पद) केलं तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. त्याने त्यावर एका सेकंदात कोणाचीतरी मागणी पुरवली, बस्स.

आमचा लीडर आयटीआयला जाणारा मुलगा आहे. क्लॅनमध्ये एक बँकेतले अधिकारी आहेत, वयाने पन्नाशीच्या पुढचे. एकदा त्यांनी लागोपाठ दोन वॉरमध्ये अटॅक केले नाहीत. पोरगं सरळ म्हणालं, "काका, ऑडिट असेल तर ढाल लाल ठेवा ना. ढाल हिरवी ठेवायची आणि यायचं नाही, हे बरोबर नाही." (प्रोफाइलमध्ये हिरवी ढाल म्हणजे वॉरसाठी तयार, लाल म्हणजे मला घेऊ नका.) आणि काकांनी काय लिहावं? "सॉरी लीडर." ज्यांच्या केबिनबाहेर लोक कर्जासाठी ताटकळतात त्यांनी! मला हे फार आवडलं. त्या मुलाला दुसऱ्या कुठल्या ठिकाणी त्या माणसाशी असं बोलता आलं असतं? आणि काकांनाही, मला वाटतं, कुठेतरी बरंच वाटलं असेल. रोज सगळे 'येस सर' म्हणणाऱ्या माणसाला कोणीतरी सरळ कामाचं बोलतं, हीसुद्धा एक सुटका असते.

आपल्याकडे नाव सांगितलं की पुढचा प्रश्न आडनावाचा, त्याच्या पुढचा गावाचा, आणि मग समोरच्याच्या डोक्यात सगळा हिशेब जुळतो. क्लॅनमध्ये 'किंग', 'रॉकी', 'मावळा', 'डेव्हिल' असली नावं असतात. आडनाव कळत नाही, शिक्षण कळत नाही, पगार कळत नाही. टाउन हॉल (गावाची मुख्य इमारत) कितव्या लेव्हलचा आणि हीरो कुठल्या लेव्हलचे, एवढंच कळतं. मला बरेच दिवस सगळे 'भाऊ' म्हणायचे आणि मीही ते चालू दिलं, कारण गेममध्ये बाई आहे असं कळलं की काय काय मेसेज येतात हे मी दुसऱ्या क्लॅनमध्ये पाहिलं होतं. पुढे कळलं, तेव्हा एका दुपारीत माझी ताई झाली. शिव्या कमी झाल्या आणि तसले मेसेजही आले नाहीत, हे दोन्ही बरं झालं. जातीच्या नावाने काढलेले क्लॅनही मी पाहिलेत, तेव्हा तिकडे सगळी समता नांदते असं समजू नका. आपण जिथे जाऊ तिथे आपलं सामान घेऊन जातोच.

आता, हे सगळं मैत्रीवर चालत नाही असं मी का म्हणते? माझा भाचा पबजी मोबाइलच्या एका क्लॅनमध्ये होता. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी गेलं. आधीपासून फोनमध्ये होतं त्यांचं ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद होईपर्यंत चाललं. शेवटच्या संध्याकाळी पोरांनी एकमेकांचे इन्स्टा आयडी घेतले, आयुष्यभर संपर्कात राहायच्या शपथा झाल्या. एक ग्रुप निघाला, त्यात आठवडाभर मीम्स पडले आणि मग तो थंड झाला. भाचा म्हणाला, "मावशी, काही बोलायलाच नसतं गं." भांडणही झालं नव्हतं, फक्त करायचं काम संपलं होतं. काम संपल्यावर उरते ती मैत्री, असं म्हणायचं असेल तर त्या क्लॅनमध्ये ती नव्हती, आणि तरीही वर्षभर त्याला रोज रात्री तिथेच असावंसं वाटत होतं.

मॅट्स स्टीनची गोष्ट या विषयावर सगळे सांगतात. नॉर्वेचा मुलगा, स्नायूंच्या असाध्य आजाराने चाकाच्या खुर्चीत, २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. आई-वडिलांना वाटायचं पोरगं एकाकी जगलं. नंतर 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममधल्या त्याच्या 'स्टारलाइट' गिल्डच्या (गिल्ड म्हणजे तिकडचा क्लॅन) लोकांचे शोकसंदेश यायला लागले, काही जण परदेशातून अंत्यविधीला आले. ती गोष्ट वाचून मीही रडले. पण तिच्यावरून क्लॅनचं समर्थन करणं मला योग्य वाटत नाही. ते एका विलक्षण माणसाबद्दल आहे. आम्ही बाकीचे एकमेकांना ड्रॅगन देतो आणि समोरचा बारा नंबरचा बेस कोणी मारायचा यावर वाद घालतो, आणि तेवढंही पुरेसं असतं.

कंपनीने हे सगळं धर्मादाय म्हणून केलेलं नाही, हेही सांगून टाकते. एकटा खेळणारा कंटाळला की गेम काढून टाकतो, क्लॅनवाल्याला आधी चौदा जणांना तोंड द्यावं लागतं. चीनच्या टेन्सेंट कंपनीच्या पुढाकाराने एका गटाने २०१६ मध्ये साधारण ८.६ अब्ज डॉलर मोजून सुपरसेलचा मोठा हिस्सा घेतला, तेव्हा गावांच्या चित्रांबरोबर त्या बांधिलकीचीही किंमत मोजली, असं माझं मत. गंमत म्हणजे सुपरसेलच आता ती बांधिलकी सैल करते आहे. २०२२ मध्ये क्लॅन कॅपिटल (सगळ्या क्लॅनने मिळून बांधायची राजधानी) आलं तेव्हापासून त्यात मिळवलेली पदकं खर्च करून किल्ला स्वतःच भरता येतो. मार्च २०२५ मध्ये सैन्य तयार व्हायला लागणारा वेळच काढून टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. सैन्य तयार होईपर्यंतच्या त्या वीस-पंचवीस मिनिटांतच तर सगळ्या गप्पा व्हायच्या. कोणाकडे लोडशेडिंग आहे, कोणाची बारावी आहे, दोह्यात नाइट शिफ्ट करणाऱ्या आमच्या एकाने आज काय जेवण केलं. आता लोक येतात, अटॅक करतात, जातात. सोय वाढली आणि चॅट ओस पडलं. आमच्या क्लॅनचं तरी असं झालं आहे.

या गेमच्या कितीतरी आधीपासून खेळाडू हे सगळं स्वतःहून करत आले आहेत, हे मला सगळ्यात रंजक वाटतं. १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये ड्रॅगन मारायला मोठी फौज लागायची आणि लूट पडायची मोजकी. मग ती कोणाला? कंपनीने काही नियम दिला नव्हता. गिल्डवाल्यांनी हजेरीचे गुण ठेवायला सुरुवात केली, ज्याचे गुण जास्त त्याचा लुटीवर हक्क आधी. कोणी सांगितलं नसताना माणसं रात्री जागून हिशेबाची वही ठेवतात, त्यावर भांडतात, नियम दुरुस्त करतात. हे वाचून मला आपल्या लोकांची आठवण आली नाही तरच नवल.

आणि अर्थातच तिथे छळही होतो. को-लीडरला एल्डर आणि मेंबर यांना काढायचा अधिकार असतो. 'मला को दे' म्हणून महिनाभर गोड बोलायचं आणि मिळाल्यावर एका रात्रीत सगळ्यांना किक करायचं, हा जुना धंदा आहे. सकाळी उठून रिकामा क्लॅन बघणारे लीडर मी पाहिलेत. काही क्लॅन तर नुसती बराक असतात. अटॅक चुकला की आईवरून शिव्या, त्याही चौदा वर्षांच्या पोराला. कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि दिमित्री विल्यम्स या अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडलं होतं की असे गेम घर आणि कामाव्यतिरिक्तच्या बैठकीच्या जागेसारखे, म्हणजे कट्ट्यासारखे चालतात, पण गिल्डमध्ये जिंकण्याचा कडकपणा वाढत गेला की तो मोकळेपणा ओसरतो. अगदी खरं. आम्ही म्हणूनच मुद्दाम मधल्या दर्जाचा क्लॅन राहिलो आहोत. हरतो पुष्कळ.

आई-बापांना एवढंच म्हणेन की मुलगा जेवायला हाक मारल्यावर "दोन मिनिटं" म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. वॉरमधला अटॅक मध्येच थांबवून नंतर पुढे खेळता येत नाही. वाया गेलेला अटॅक त्याचा एकट्याचा नसतो. फोन हिसकावून घेतला तर त्याला गेम गेल्यापेक्षा "हा ऐन वेळी पळाला" असं पंधरा जणांनी म्हणण्याची धास्ती जास्त असते. त्यापेक्षा वॉर कधी संपतं ते विचारा. आमच्याकडे रात्री दहाच्या सुमारास संपतं, लीडरने वेळ तशीच बांधली आहे, शेवटच्या दोन तासांत सगळे घरी असतात म्हणून. माझ्या घरी जेवणं साडेआठला होतात आणि ताटावर बसण्याआधी धाकटा मलाच विचारतो, "आई, तुझे अटॅक झाले का?" नसतील झाले तर आमटी गरम करायची जबाबदारी त्याच्या बाबाची.

आणि परीक्षेच्या दिवसांत ढाल लाल करायला सांगा. आमच्या क्लॅनमध्ये फेब्रुवारी-मार्चला निम्म्या ढाली लाल असतात. कोणी काही म्हणत नाही. तेव्हा बँकेवाले काका, दोह्यावाला आणि मी मिळून दहा-दहाची वॉर कशीबशी ओढतो. बहुतेक हरतोच. सध्या तीन जागा रिकाम्या आहेत, टाउन हॉल तेराच्या पुढचा असेल आणि शिव्या देत नसाल तर इनबॉक्समध्ये या.